खिळे, केसरी आणि तुमचा कीबोर्ड : डिझाइन म्हणजे नक्की काय?

आजचा विषय आहे डिझाइन. मी हडपसरला आयटी पार्कमध्ये कोड लिहितो. आमच्याकडे डिझाइन म्हणजे बटणाचा रंग निळा की हिरवा, यावर तासभर मीटिंग. पण हे काम खरंच काय असतं ते बघायचं असेल, तर तुम्ही आत्ता वाचताय ती अक्षरंच बघा.

१८६४ मध्ये मुंबईत जावजी दादाजींनी खिळे पाडायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. खिळा म्हणजे शिशाचा तुकडा, डोक्यावर उलटं अक्षर. इंग्रजीचं शंभरेक खिळ्यांत भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, म्हणजे शेकडो खिळे. जुळारी बिचारा खण शोधत बसणार! तरी निर्णयसागरची छपाई सुंदर अक्षरांसाठीच नावाजली गेली. तिथे मेहनत माणसानं घेतली आणि अक्षर जसंच्या तसं ठेवलं.

टिळकांना मात्र 'केसरी' वेळेवर काढायचा होता. त्यांनी खिळ्यांचा हिशेब मांडला आणि सुमारे १९० खिळ्यांचा आटोपशीर संच तयार केला. आपल्या भाषेत सांगायचं तर रिफॅक्टरिंग. वाचकाला फरक जाणवू नये आणि काम हलकं व्हावं.

सावरकरांनी पुढे थेट अक्षरालाच हात घातला. इ, उ, ए ही वेगळी चिन्हं कशाला? 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा: अि, अु, अे. काही मराठी पुस्तकं अशी छापलीही गेली. हिशेब चोख होता, शिकायलाही सोपं. पण लोकांच्या हाताला आणि डोळ्याला ते रुचलं नाही.

टाइपरायटरवर 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. म्हणजे बोलतो त्याच्या उलट. का? कारण यंत्राला अक्षराचा फक्त आकार कळायचा.

मग कॉम्प्युटर आला आणि हे उलटलं. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो, मग वेलांटी, उच्चारतो त्याच क्रमानं. ती डावीकडे नेऊन दाखवणं हे यंत्राचं काम. 'क्ष'सुद्धा आत तीन तुकडे असतात: क, हलन्त, ष. ते जोडून कसे दिसतील, हे फॉन्टमध्ये कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. विंडोजमधला 'मंगल' आठवतो? तो र. कृ. जोशींनी घडवला. मूळचे सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवायचे. बोरूनं अक्षर काढणाऱ्या माणसानं कॉम्प्युटरला जोडाक्षर शिकवलं!

आता बघा, आपल्या हडपसरहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. तिथल्या 'दऱ्या' आणि समुद्राचा 'दर्या' हे दोन वेगळे शब्द. कागदावर आपण हा फरक सहज करतो. यंत्रात तो राहावा म्हणून त्या 'ऱ'ला वेगळा कोड द्यावा लागला. तसंच मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी, पण कोड एकच. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनानं प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणं नक्की केली. तरी कित्येक ॲपमध्ये आजही हिंदी वळणच दिसतं, कारण बनवणाऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नसतो.

माझ्या मते डिझाइनचा गाभा या एका प्रश्नात आहे: अडचण आली की जुळवून कोणी घ्यायचं, माणसानं की यंत्रानं? निर्णयसागर, टिळक, सावरकर, जोशी, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. सर्जनशीलता ही तिथे, काय सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही हे ठरवण्यात. रंग नंतर येतो.

आता एक काम करा. फोनवर 'दऱ्या' टाइप करून बघा. जमलं का? नसेल, तर तुमच्या वतीनं कुणीतरी एक गोष्ट सोडून दिलीय, आणि तुम्हाला विचारलंही नाही. भेटू पुढच्या भागात!