चुन्याचा हात

घर रंगवायचे ठरले की आज पहिला प्रश्न छटेचा येतो आणि दुसरा चकाकीचा. मॅट घ्यावा, सॅटिन घ्यावा, की हॉलपुरता थोडा लस्टर? दुकानातले शेड कार्ड उलगडायचे, शेकडो चौकटींतून एक निवडायची, ती यंत्रातून मिसळून डब्यात भरून घ्यायची, की निम्मे काम झाले. भिंत कशाची आहे, हा प्रश्न या सगळ्यात कुणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या घरांचा इतिहास पाहिला तर ही पद्धत फार अलीकडची आहे. त्याआधी भिंतीला काय लावायचे ते भिंतच ठरवत असे, आणि त्यामागे एक पक्की समजूत होती: वरचे लेपण आतल्या भिंतीपेक्षा कमजोर हवे. पाण्याचा, ऊनपावसाचा, मिठाचा मार लेपणाने खावा, झिजावे, आणि वर्षभराने नवे लेपण चढवून घ्यावे. भिंतीचे द्रव्य बदलले तेव्हा ही समजूत मागे पडली, ते समजण्यासारखे आहे. पण जिथे भिंत जुनीच राहिली तिथूनही ती गेली, आणि खरे नुकसान तिथे झाले.

या समजुतीचे मूळ देशावरच्या मातीत आहे. आपल्या गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला तेव्हाही हे दोन शब्द गावकीच्या रोजच्या बोलण्यातले होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती घराच्या कामाची नाही. पांढरी त्या मानाने शांत. भिंती पांढऱ्या मातीच्या, माळवदावर पसरायची मातीही पांढरीच, आणि भिंतीला द्यायचा पोचाराही त्याच मातीचा. भिंत आणि तिची कातडी एकाच खाणीतली असल्यामुळे दोघी एकत्र फुगत आणि एकत्र सुकत, मध्ये फट पडायला जागाच नसे. कोकणात आणि ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात कारवीच्या काठ्यांचे कूड विणून त्यावर माती आणि शेणाचा लेप देत, तिथेही हाच नियम. पावसाळ्यात लेप धुपला की घरातल्या बाया नवरात्राच्या आधी तो पुन्हा देत. धुपणे हा कामातला दोष आहे असे कुणाला वाटत नसे, कारण ते लेपाचे कामच होते.

वाड्यांच्या काळात या मातीवर चुना आला. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत पुणे, सातारा, वाई, नाशिक या गावांत जे वाडे उठले त्यांची घडण बरीचशी सारखी आहे. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे पक्क्या विटा आणि वरच्या मजल्यावर कच्च्या. वजन लाकूड पेलते, भिंत मुख्यतः आडोशाचे काम करते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. किनाऱ्यावर चुनखडीऐवजी शिंपले भाजत. कळी पाण्यात टाकली की ती तापते, उकळी फुटल्यासारखी फसफसते आणि फुलून लोण्यासारखी मऊ होते. हा विरलेला चुना वाळूबरोबर बैलाच्या घाण्यात मळून गिलाव्याला वापरत. जागोजागच्या रिवाजाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, तागाचे तंतू घालत. गिलाव्यात तंतू घालण्याची युक्ती तर लेण्यांइतकी जुनी आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. गिलाव्यावर चुन्याचे हात, आणि हात म्हणजे नेमका किती, तर ताकाइतका पातळ. घायपाताच्या वाखाचा कुंचा त्यात बुडवून ओढला की भिंत आधी फक्त ओली दिसते, चुना दिसतच नाही. मग वाळताना ती हळूहळू पांढरी होत जाते. या वेळी विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भट्टीत जे गमावले ते भिंतीवर परत मिळवतो. म्हणून हात पातळ हवा आणि भिंत ओली हवी. जाड थापलेला चुना कोरडा पडून खपल्या धरतो. पावसाळा संपता संपता, हवेत ओल असताना चुना काढण्याचा जो रिवाज दसरा-दिवाळीला बांधला गेला, त्याला सणाइतकाच या रसायनाचाही आधार आहे.

यावर असे विचारता येईल की मग आवड-निवड, हौस, नटवणे हे काहीच नव्हते का? भरपूर होते, पण ते चुन्याच्या संमतीने होते. चुना तीव्र क्षार आहे आणि बहुतेक वनस्पतिज रंग तो खाऊन टाकतो. टिकतात ती मातीची आणि खनिजांची द्रव्ये: गेरू, पिवडी, कोकणातली काव, चुन्याचा पिवळटपणा मारायला चिमूटभर नीळ. हिराकस टाकला तर भिंत वाळल्यावर बदामी होते, मोरचूद टाकला तर आकाशी. खेड्यापाड्यांतल्या जुन्या घरांवर जो मोजकाच, एकमेकांना शोभणारा रंगमेळ दिसतो, त्याच्यामागे उच्च अभिरुचीइतकीच ही अडचणही आहे, आणि मला ती अडचण फार मोलाची वाटते. गोवा, सावंतवाडी, कारवार या पट्ट्यातली कावी कला तिच्यातूनच जन्मली. पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेलबुट्टी, देवता, प्राणी, सगळे दोन रंगांत आणि सगळे भिंतीच्या अंगातले. मोरजी येथील मोरजाई देवळात हे काम आहे, आणि डॉ. कृष्णानंद कामत यांनी या कलेची चिकाटीने नोंद केली नसती तर आज ती ओळखणारे फार थोडे उरले असते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रेही चुन्याच्या गिलाव्यावरच उभी आहेत. वारल्यांचा लग्नचौक तर गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लिहिलेला असतो, आणि पुढच्या सारवणात तो जाणार हे लिहिणाऱ्या सवाशिणींना ठाऊक असते.

चुन्याचा अर्थ बदलला तो प्लेगच्या साथीने. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात रोग दिसला आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली सोल्जर घराघरांत शिरले. सामान बाहेर काढायचे, जमीन धुवायची आणि भिंतींना चुना मारायचा, असा क्रम होता आणि चुना मारणाऱ्यांची वेगळी तुकडी होती. जो चुना दिवाळीच्या आधी घरच्या हाताने लागे तो आता हुकमाने लागू लागला. चुन्याने जंतू मरतात हे त्याच्या क्षारामुळे बऱ्याच अंशी खरे आहे. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे नंतर उमगले, आणि पिसवा भिंतीच्या पांढरेपणाला बधत नाहीत. तरीही पांढरी भिंत म्हणजे निरोगी घर ही सांगड घट्ट बसली. पुढे सरकारी इमारती, इस्पितळे, शाळा, चाळी यांना ठरावीक मुदतीने चुना मारण्याची शिस्त आली तिच्यामागे भिंतीच्या प्रकृतीचा विचार फारसा नव्हता. चुना आता स्वच्छतेचा शिक्का झाला होता. आणि शिक्का म्हटले की तो दुसऱ्या कुठल्याही पांढऱ्या पदार्थाने मारता येतो.

तो पदार्थ येण्याआधी भिंत बदलली. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी, लोअर परळ इथे ज्या बीडीडी चाळी बांधल्या त्या सिमेंट काँक्रीटच्या होत्या. १९३६ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन एसीसी झाली, आणि त्याच दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. सिमेंटचा गिलावा चुन्यापेक्षा घट्ट आणि ताठ असतो. काही काळ दोघांचा संसार जमला: खाली सिमेंटचा गिलावा, वर चुन्याच्या नीरूचा गुळगुळीत हात. आजही जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘नीरू फिनिश’ हा शब्द आहे. या गुळगुळीत पृष्ठावर डिस्टेंपर छान बसे. खडूची पूड आणि सरसाचे किंवा तेलाचे बंधन असलेला हा रंग चुन्याइतका कपड्यांना लागत नसे आणि त्यात चुन्याला न पेलणाऱ्या गुलाबी, पिस्ता, मोतिया अशा कितीतरी नाजूक छटांची सोय होती. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला कुंचा-डबावाला गट्टू जाहिरातीत आला आणि रंग ही घराने विकत घ्यायची वस्तू झाली. तेलरंगाचा लहान डबा खेड्यात गेला तो पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायला, आणि शिंगांवरून तो दारावर, खिडकीवर आणि शेवटी भिंतीवर चढला. त्यामागून ॲक्रिलिक इमल्शन आले, ज्याला आपण सरसकट प्लास्टिक पेंट म्हणतो. सिमेंटच्या भिंतीवर यातले काहीही मला चुकीचे वाटत नाही. कडक भिंतीला कडक पापुद्रा चालतो.

चूक कुठे झाली ते एका पट्ट्यात दिसते. जुन्या शाळा, दवाखाने, चाळींचे जिने आणि वाड्यांच्या ओसऱ्या आठवून पाहाव्यात. जमिनीपासून छातीपर्यंत तपकिरी किंवा हिरवा तेलरंग, त्यावर एक काळी रेघ, आणि रेघेच्या वर चुना किंवा फिकट डिस्टेंपर. हात लागून, पाठ टेकून भिंत मळते, म्हणून खालचा भाग पुसता येईल असा ठेवायचा, हा हेतू समंजस होता. पण जोत्यात ओल अडवणारा थर नसलेल्या दगड-मातीच्या भिंतीत पाणी खालून चढते. चुना असता तर ते पायाजवळच बाहेर पडून उडून गेले असते. तेलरंगाने ती वाट बंद केली की पाणी आतल्या आत वर सरकते आणि रेघेच्या थोडे वर, जिथे पृष्ठ उघडे आहे तिथे बाहेर येते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार येतात, पाणी उडाल्यावर त्यांचे स्फटिक होतात आणि ते गिलावा आतून फोडतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. म्हणून अशा भिंतींचा खालचा रंगवलेला भाग धडधाकट दिसतो आणि त्याच्या बरोबर वर हातभर उंचीचा भुरभुरीत, पोपडे धरलेला पट्टा आढळतो. घरमालक तो पट्टा खरवडून लांबी भरतो आणि तेलरंग आणखी वर चढवतो. पुढच्या पावसात ओलही तेवढीच वर चढते.

चुन्याच्या बाजूने केलेल्या या मांडणीविरुद्ध सर्वांत जड आक्षेप श्रमाचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दर वर्षी सारवणे, पोचारा देणे, चुना काढणे हे काम मुख्यतः बायकांच्या आणि घरगड्यांच्या अंगावर होते. चुन्याने हात फाटत, डोळ्यात उडाला तर दृष्टीवर बेतत असे. पाच-सात वर्षे न बघता चालणारा रंग आला तेव्हा त्याचे स्वागत झाले यात नवल नाही, आणि ते योग्यच होते. तो रिवाज जसाच्या तसा परत आणा असे म्हणण्याचा अधिकार ज्याला तो करावा लागत नाही त्याला नाही. पण जुन्या भिंतीपुरते पाहिले तर प्लास्टिक पेंटने श्रम वाचवले असेही दिसत नाही. दर वर्षीचे दोन दिवस वाचतात आणि काही वर्षांनी अख्खा गिलावा पाडून नवा करावा लागतो, आणि तो बहुधा सिमेंटचा करतात, जो कच्च्या विटेला धरत नाही. दुसरा आक्षेप असा की आताच्या इमल्शनमधून वाफ जाते. जाते, सिमेंटच्या सुक्या भिंतीपुरती पुरेशीही असेल. प्रश्न क्षारांचा आहे. चुन्याच्या पातळ हातावर ते फुलतात आणि कुंच्याने झटकता येतात. रंगाच्या पापुद्र्याखाली ते अडकतात आणि पापुद्र्यासकट भिंत सोलतात. तिसरा आक्षेप शिशाचा, म्हणजे जुने रंग विषारी होते आणि नवे सुरक्षित आहेत. घरगुती रंगांतल्या शिशाला १० लाख भागांत ९० भागांची मर्यादा भारतात २०१७ पासून लागू झाली, आणि ती फार मोठी सुधारणा आहे. मात्र शिसे होते ते तेलरंगांत. चुन्यावर हा आरोप बसत नाही.

जुन्या वाड्याची भिंत परत चुन्यावर आणायची तर ते कामही सावकाशीचे आहे. चुना तेलरंगावर किंवा प्लास्टिक पेंटवर धरत नाही, त्याला खाली शोषून घेणारे अंग लागते. म्हणून थर एकेक करून पात्याने काढावे लागतात: वरचे इमल्शन रबरासारखे लांब सालींत निघते, त्याखालची लांबी पांढऱ्या पिठासारखी झडते, मग हिरव्या तेलरंगाचे काचेसारखे तुकडे, मग पिस्ता डिस्टेंपर, आणि त्याच्याखाली चुन्याचे कितीतरी हात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, काही पांढरे, काही निळसर. तिथे पाते थांबवायचे. भिंतीवर पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. तो ओघळला तर वर अजून पापुद्रा शिल्लक आहे, आणि क्षणात आत गेला तर भिंत लागली. मग ती एक उन्हाळाभर उघडी ठेवायची, फुललेला लोणा कोरड्या कुंच्याने झाडत राहायचे, आणि पुढचा पावसाळा ओसरला की पहिला हात द्यायचा, ताकाइतका पातळ.