हैदराबाद ई-प्री
हैदराबाद ई-प्री : विजेवर धावणाऱ्या एकआसनी मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील, भारतात झालेली पहिली शर्यत. ती ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागर तलावाकाठच्या रस्त्यांवर झाली. २०२२–२३ च्या हंगामातील ही चौथी फेरी होती.

पूर्वपीठिका : फॉर्म्युला ईची पहिली शर्यत सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला झाली. तेव्हापासून महिंद्रा रेसिंग हा भारतीय संघ या मालिकेत आहे. करुण चंडोक आणि ब्रुनो सेना हे त्याचे पहिले चालक. या संघाचा धागा बंगळूरपर्यंत जातो. चेतन मैनी यांच्या कंपनीने तिथे ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार तयार केली होती आणि २०१० मध्ये महिंद्राने त्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. हैदराबादेत महिंद्राप्रमाणेच मुंबईचे दुसरे उद्योगघराणेही मैदानात होते : जॅग्वार ही टाटांच्या मालकीची, आणि तिच्या संघाची मुख्य प्रायोजक टीसीएस.

मार्ग आणि मोटार : सुमारे २.८ किमी. लांबीच्या या मार्गावर १८ वळणे होती. सचिवालय, लुंबिनी पार्क आणि एनटीआर मार्ग हा शहराचा रोजचा वर्दळीचा भाग काँक्रीटच्या भिंती व जाळ्या लावून बंद करण्यात आला. शुक्रवारी सरावाआधी खासगी वाहने थेट मार्गावर शिरली आणि पहिल्या सत्राला उशीर झाला.

चालकासह किमान ८४० किलो वजनाच्या ‘जेन-३’ मोटारीची कमाल शक्ती ३५० किलोवॉट; शर्यतीत मात्र एरवी ३०० किलोवॉटच वापरता येत होती. वाढीव शक्तीसाठी (अटॅक मोड) चालकाला नेहमीची सोयीची रेषा सोडून ठरावीक पट्ट्यावरून जावे लागे, म्हणजे आधी वेळ गमवायचा आणि मग कमवायचा. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नव्हते. मोटारीतील विद्युत-चलित्रच (इलेक्ट्रिक मोटर) जनित्र होऊन वेग रोखी आणि ती वीज बॅटरीत परत जाई. म्हणून अरुंद, वळणावळणाचा मार्ग या मोटारींना मानवतो : ब्रेक जितके वारंवार, तितकी वसुली जास्त.

शर्यत : पात्रता फेरी आणि शर्यत शनिवारी एकाच दिवशी पार पडली. पात्रता फेरीत जॅग्वारच्या मिच इव्हान्सने पहिले स्थान मिळवले. पण शर्यतीत सहकारी सॅम बर्डची मोटार त्याच्यावर आदळली आणि टाटांच्या दोन्ही मोटारी बाद झाल्या. पुढे डीएस पेन्स्केच्या ज्याँ-एरिक व्हेर्न्यने आघाडी टिकवली. शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या बॅटरीत पाठलाग करणाऱ्या निक कॅसिडीपेक्षा कमी ऊर्जा उरली होती. तरी त्याने वाट दिली नाही आणि अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने जिंकला. तिसरा आलेला सेबास्तिअन ब्युएमी मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्याच्या दंडामुळे घसरला आणि ते स्थान पोर्शच्या अँतोनियो फेलिक्स दा कोस्ताला मिळाले. महिंद्राचा ऑलिव्हर रोलंड सहावा आला.

नंतर : दुसरी शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी ठरली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात सत्तांतर झाले. नव्या सरकारने यजमानपदाचा करार पाळण्यास नकार दिल्यावर जानेवारीत आयोजकांनी ती रद्द केली. आवश्यक मंजुरीविना आयोजकांना सुमारे ५५ कोटी रुपये दिल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने माजी मंत्री के. टी. रामाराव आणि इतरांवर गुन्हा नोंदवला. रामाराव यांनी आरोप फेटाळले आहेत.