घनीय प्रावस्था, लिपिडांच्या

लिपिड व पाणी ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक तापमानाला एकत्र आले असता आपोआप तयार होणाऱ्या, तिन्ही मितींत सारख्या अंतराने पुनरावृत्त होणाऱ्या द्रवस्फटिकी रचना. सुट्या मिसेलांची, म्हणजे लिपिडांच्या सूक्ष्म पुंजक्यांची, घनीय मांडणीही आढळते. परंतु खरी विलक्षण रचना द्विसंतत प्रकारची. तिच्यात लिपिडांचे एकच अखंड द्विस्तरी पटल वळणे घेत सर्वत्र पसरलेले असते आणि त्याच्या दोन बाजूंना पाण्याची दोन जाळी असतात. ही जाळी एकमेकांत गुंतलेली असूनही कोठेच मिळत नाहीत. रेणू मात्र द्रवातल्यासारखे सतत सरकत राहतात : शिस्त असते ती पटलाच्या आकाराला.

लिपिडाच्या रेणूला जलस्नेही शीर्ष व जलद्वेषी शेपटी असते. शेपट्या एकत्र आल्या की त्यांच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना मोकळीक मिळते. रचना घडवणारी मुख्य प्रेरणा हीच. पुढचा आकार रेणूच्या ठेवणीवर ठरतो. उदाहरणार्थ, मोनोओलिन हे ग्लिसरॉल व ओलेइक अम्ल यांचे एस्टर. त्याचे शीर्ष लहान, तर शेपटीला मधल्या दुहेरी बंधामुळे बाक आलेला. शेपटीकडे जागा अधिक लागत असल्याने प्रत्येक स्तर पाण्याच्या दिशेने वळू पाहतो. पण द्विस्तरात दोन स्तर पाठीला पाठ लावून असतात. एक आपल्या कलाने वळला की दुसऱ्याला उलटे वळावे लागते. ही कोंडी फुटते ती खोगिराच्या आकाराने. एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने तेवढेच खाली वाकलेल्या पृष्ठाची सरासरी वक्रता शून्य असते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना शीर्षांच्या पातळीवरचे क्षेत्रफळ मध्यपृष्ठापेक्षा कमी भरते. दोन्ही स्तरांना नेमके हेच हवे असते. गणितात अशा पृष्ठांना न्यूनतम पृष्ठे म्हणतात.

त्यांपैकी दोन आवर्ती पृष्ठांचा अभ्यास हेर्मान श्वार्त्स यांनी १९व्या शतकात केला होता. तिसरे, जायरॉइड, ॲलन शोएन यांनी १९७० मध्ये नासात काम करताना मांडले. त्याआधीच, १९६७ मध्ये, फ्रान्समध्ये व्हित्तोरिओ लुझाती व सहकाऱ्याने साबणांच्या क्ष-किरण विवर्तनातून हीच सममिती असलेली, एकमेकांत गुंतलेली दोन जाळी ओळखली होती. पृष्ठाच्या भाषेत त्या रचनेचा उलगडा मागाहून झाला.

मोनोओलिनमध्ये साध्या तापमानाला पाणी थोडे असताना सपाट थरांची प्रावस्था असते. पाणी सुमारे २० टक्क्यांपुढे गेले की जायरॉइड आणि त्यानंतर हिऱ्याच्या सममितीची प्रावस्था येते. सुमारे ४० टक्क्यांना ती तृप्त होते. वरचे पाणी नुसते बाजूला उभे राहते. पातळ केल्यानेही ही रचना विरघळत नाही, आणि तिची उपयुक्तता मुख्यतः या गुणात आहे. तृप्त अवस्थेत पुनरावृत्त होणाऱ्या एककाची बाजू सुमारे १० नॅनोमीटर व जलमार्गांचा व्यास सुमारे ५ नॅनोमीटर भरतो. प्रयोगशाळेत वितळवलेले मोनोओलिन आणि पाणी एकमेकींना जोडलेल्या दोन सिरिंजांमधून पुढेमागे ढकलतात. आधी पांढरट, गढूळ दिसणारे मिश्रण काचेसारखे नितळ होते आणि दट्ट्या जड जाऊ लागतो. सपाट थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून ती प्रावस्था वाहते. घनीय प्रावस्थेत मात्र घसरायला मोकळी दिशाच नसते. काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहिल्यास नमुना पूर्ण काळा दिसतो, कारण प्रकाशाच्या दृष्टीने सर्व दिशा सारख्याच.

निसर्गातही अशी पटले आहेत. अंधारात उगवलेल्या धान्याच्या फिकट पिवळ्या अंकुरांत, म्हणजे नवरात्रात घटाभोवती रुजवलेल्या धान्यातही, हरितलवकांच्या पूर्वरूपात घनीय पटलांचे पुंज असतात. त्यांचे एकक प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी मोठे असते. उजेड मिळाला की ते उलगडून प्रकाशसंश्लेषणाची पटले बनतात.

सर्वांत मोलाचा उपयोग प्रथिनशास्त्रात झाला. पेशीपटलातील प्रथिने पटलाबाहेर काढली की बिघडतात, म्हणून त्यांचे स्फटिक मिळणे दुरापास्त होते. एहूद लांडाऊ व युर्ग रोझेनबुश यांनी १९९६ मध्ये हे स्फटिक घनीय प्रावस्थेतच वाढवले : पटल अखंड असल्याने प्रथिन त्यातून सरकत वाढत्या स्फटिकापर्यंत पोहोचते. बीटा-२ ॲड्रिनर्जिक ग्राही या पेशीपटलातील प्रथिनाची २००७ मधील उच्च विभेदनाची संरचना याच पद्धतीने मिळाली. त्या कामातील ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्यासोबत मिळाले. योग्य स्थिरकारक घालून ही प्रावस्था पाण्यात सूक्ष्म कणांच्या रूपात विखुरता येते. या कणांना क्यूबोसोम म्हणतात. पटलात तेलात विरघळणारी आणि जलमार्गांत पाण्यात विरघळणारी, अशी दोन्ही प्रकारची औषधे मावत असल्याने औषधवाहक म्हणून त्यांच्यावर संशोधन चालू आहे.