६ ऑगस्ट २००९ : रिकार्डो कासिन यांचे निधन

नामवंत इटालियन गिर्यारोहक रिकार्डो कासिन यांचे २००९ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. वयाची शंभरी त्यांनी जानेवारीतच गाठली होती. वडील लवकर गेल्याने पोरवयातच ते लोहाराच्या भट्टीवर कामाला लागले. पुढे लेक्को शहरात आले आणि तिथल्या कड्यांनी त्यांना वेड लावले.

आल्प्समधल्या ग्रांद झोरास शिखराची वॉकर सोंड त्यांनी दोघा साथीदारांसह १९३८ मध्ये सर केली, तीही ६ ऑगस्टलाच! १९५४ च्या इटालियन के-टू शिखर मोहिमेतून मात्र वैद्यकीय कारण पुढे करून त्यांना वगळले गेले. हा अन्यायच.

लोहारकी वाया गेली नाही. १९४७ पासून ते कड्यात ठोकायच्या मेखा बनवून विकू लागले. पुढे हातोड्या, दोर अडकवायचे कॅराबिनरही आले. चढाईही सुटली नाही. १९३७ मध्ये आल्प्समधल्या पिट्झ बादिले शिखरावर त्यांनी काढलेली वाट १९८७ मध्ये, ७८ व्या वर्षी, ते पुन्हा चढले.