तार तोडणाऱ्यांच्या मुलखात मोडेम

९ सप्टेंबर १९४२ रोजी सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या तहसील कचेरीवर मोर्चा निघाला. पुढे परशुराम घार्गे होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्या काळात जिल्ह्यातल्या ‘छोडो भारत’ चळवळीने कचेऱ्यांवर मोर्चे नेले, तशाच टेलिफोनच्या आणि तारायंत्राच्या ताराही तोडल्या. तार तुटली की तालुक्याची खबर जिल्ह्याला आणि जिल्ह्याची कुमक तालुक्याला पोचायला वेळ लागे. खांबावरून जाणारी ती तार गावाच्या उपयोगाची नव्हतीच. तिच्यावरून मामलेदार बोलत, फौजदार बोलत, रेल्वे बोले. ज्या यंत्रणेत आपला आवाज नाही ती तोडायला माणसं कचरत नाहीत.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत याच मुलखात तार उलट्या दिशेने गेली. आधी ती सरकारची होती, मग व्यापाऱ्याची आणि कारखान्याची झाली, आणि अगदी शेवटी ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या कामाला आली. (१९४२ साली आजचा सांगली जिल्हा बराचसा साताऱ्यातच होता, १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं.) हा प्रवास सावकाश झाला. मुंबईत २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, पण खेड्यात फोन यायला शतक लोटावं लागलं.

त्याचं एक कारण यंत्रातच होतं. परदेशी बनावटीच्या मोठ्या एक्स्चेंजला थंड खोली, धूळमुक्त हवा आणि अखंड वीज लागे. वडूजच्या आसपासच्या खटाव-माणच्या उन्हाळ्यात हे कुठून आणायचं? ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने हाच प्रश्न हाती घेतला. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२८ पोर्टचं, म्हणजे १२८ जोडण्यांचं, एक छोटं यंत्र घडवलं. ते वातानुकूलनाशिवाय, उन्हात आणि धुळीत चालणारं होतं. त्याचं ग्रामीण रूप १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसवलं गेलं. त्याच रचनेचं दुसरं रूप म्हणजे कार्यालयांत बसणारं पीबीएक्स. खेड्याचं एक्स्चेंज आणि कारखान्याच्या कचेरीतली अंतर्गत टेलिफोन यंत्रणा अशी एकाच कुळातून आली, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही.

कचेरीतल्या या यंत्राला सगळे ईपीएबीएक्स म्हणतात. चेअरमनची केबिन, अकाउंट, शेतकी विभाग, वजनकाटा, गेट अशा सगळ्यांना दोन-तीन आकडी एक्स्टेन्शन. बाहेर बोलायचं तर आधी शून्य. नव्वदच्या दशकात त्याच कचेऱ्यांत संगणक आला आणि सर्व्हरला बाहेरच्या जगाशी जोडायची वेळ आली. काम मोडेमचं, म्हणजे संगणकाची माहिती ध्वनीत बदलून फोनच्या तारेवरून नेणाऱ्या यंत्राचं होतं, पण तो जोडणाऱ्याला दोन विद्या लागत: संगणकाची आणि तारेची.

पहिली परीक्षा रोझेटपाशी, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या जोडणीपाशीच होई. ईपीएबीएक्सच्या एक्स्टेन्शन दोन प्रकारच्या असत. ॲनालॉग एक्स्टेन्शनवर साधा फोन चाले, मोडेमही चाले. ऑपरेटरच्या बटणांच्या फोनसाठी असलेल्या डिजिटल एक्स्टेन्शनवर मोडेम लावला तर तो बोलत तर नसेच, कधी जळूनही जाई. दिसायला दोन्ही तारा सारख्याच. पुढचा अडसर डायल टोनचा. यंत्राच्या आतला टोन बाहेरच्या टोनपेक्षा वेगळा वाजे, मोडेमला तो ओळखता येत नसे आणि ‘डायल टोन नाही’ असा संदेश देऊन तो थांबे. मग टोनची वाट न पाहता नंबर फिरवण्याची आज्ञा द्यावी लागे, आणि शून्यानंतर स्वल्पविराम टाकावा लागे, म्हणजे लाइन मिळेपर्यंत मोडेम दोन सेकंद थांबे. जुन्या एक्स्चेंजला नंबर फिरवतानाचे टोन कळत नसत. तिथे टोनऐवजी पल्सने नंबर फिरवण्याची आज्ञा. मधेच ऑपरेटर लाइनवर आला किंवा कॉल वेटिंगची टिक वाजली, तर अर्ध्यावर आलेली फाइल गेली. म्हणूनच जाणकार माणसं आग्रह धरत की सर्व्हरची लाइन ईपीएबीएक्समधून नेऊच नका, ती थेट डीपीवरून, म्हणजे बाहेरच्या वितरण पेटीवरून घ्या. गावोगावच्या अनेक संगणक केंद्रांनी एकाच वेळी सर्व्हरला फोन करायचा असेल, तर सर्व्हरला बहुपोर्टचं कार्ड, मोडेमची रांग आणि एका नंबरवर हंटिंगने (एक लाइन गुंतलेली असेल तर पुढची मिळेल अशा रीतीने) जोडलेल्या अनेक लाइनी लागत.

वेगाचंही तसंच. १९९८ साली व्ही.९० हे मानक ठरलं आणि मोडेमच्या खोक्यांवर सेकंदाला ५६ हजार बिटांचा आकडा आला. तो वेग मिळायला सर्व्हरचं टोक डिजिटल लाइनवर असणं भाग होतं. दोन्ही टोकं साध्या तारेवर असतील तर मर्यादा ३३.६ हजारांची, आणि गावाकडच्या गंजलेल्या जॉइंटवर, वळवाच्या पावसात भिजलेल्या, खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरवर तीही मिळणं मुश्किल. माणसाच्या कानाला चालणारी खरखर मोडेमला चालत नाही. आवाजाच्या फोनने वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली तारेची खरी अवस्था मोडेमने पहिल्यांदा उघडी केली. अशा वेळी सगळी भिस्त लाइनमनवर असे. कुठल्या डीपीत ओल धरते, तारांची कुठली जोडी कोरडी आहे, हे तोच जाणे. या इतिहासात त्याचं नाव जवळजवळ कुठेच येत नाही. यायला हवं.

१९९८ सालीच वडूजच्या दक्षिणेला, वारणा खोऱ्यात एक मोठा प्रयोग उभा राहिला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेत घेतली गेली. निम्मा खर्च केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के वारणा समूहाचा. उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची. चोपन्न केंद्रांत संगणक बसले. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, शिक्षण हे सगळं गावात येईल, असं चित्र रंगवलं गेलं.

घडलं ते वेगळं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतले संशोधक वारणेत आले, तेव्हा केंद्रांवरचे संगणक मुख्यतः एकाच कामासाठी वापरले जात होते: उसाचा हिशेब. नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची उचल, बिल. याला अपयश म्हणणं अन्यायाचं होईल. ऊस उत्पादकाच्या वर्षाचा सारा ताण तोडणीची पाळी आणि काट्यावरचं वजन यांत असतो. पाळी लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. पाळीचा आणि वजनाचा आकडा कारखान्याच्या कचेरीला खेटे न घालता गावातच कळणं हा मोठा फरक होता. गावकऱ्यांनी योजनेतलं जे खरोखर उपयोगाचं होतं ते उचललं, बाकीचं सोडून दिलं.

पण त्या एका आकड्यासाठी संगणक, वीज, बॅटरी, मोडेम आणि तार एवढा संसार सांभाळायचा होता. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी सात गावांत आठ महिने एक पर्याय चालवून पाहिला. त्याचं नाव ‘वारणा अनवायर्ड’. गावातल्या संगणकाची जागा साध्या मोबाईलने घेतली: एसएमएसने विचारायचं, एसएमएसनेच उत्तर. संगणकावरची सगळी कामं त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तेच अधिक आवडलं.

तार गेली तरी सर्व्हरशी बोलणारं यंत्र राहिलंच. एसएमएस घेणाऱ्या संगणकाला आता रोझेटऐवजी मोबाईल किंवा जीएसएम मोडेम जोडला जातो. डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या स्मार्टमोडेमला ‘एटी’ या दोन अक्षरांनी आज्ञा दिली जाई. मोबाईलच्या मानकांनी तीच पद्धत उचलली, आणि जीएसएम मोडेमला एसएमएस पाठवायला सांगताना आजही आज्ञेची सुरुवात त्याच दोन अक्षरांनी करावी लागते.