मयताचा फंड कोणाचा?

जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा ही नावं आपण रोज घेतो. मोगलांच्या चाकरीत दख्खनेत आलेल्या राजपूत सरदारांची ती नावं. या शहरात तेव्हा मनसबदारांचा मोठा थाट होता. वाडे, बागा, हत्ती-घोडे. पण मनसबदार गेला की घरात रडारड चालू असतानाच त्याच्या मालमत्तेवर सरकारी मोहोर लागायची. बादशाही खजिन्याचं जे काही येणं असेल ते आधी वळतं करून घ्यायचं, मग उरलंसुरलं घरच्यांकडं. (राजपुतांची वतनं घराण्यात चालत, ते निराळं. आपण बाकीच्यांचं बोलतोय.) ज्याच्याकडं सरकारचं येणं नाही त्याच्या घराला हात लावू नये, असा हुकूम पुढं औरंगजेबानं काढला. म्हणजे तोवर काय चालत असेल ते समजा.

निजामाच्या राज्यात शब्द बदलले, तत्त्व फारसं बदललं नाही. इनाम, मनसब ही सरकारची मेहेरबानी. धारक वारला की ती तत्त्वतः सरकारकडं परत, आणि मुलानं विरासतीची चौकशी करून घेऊन ती नव्यानं मिळवायची. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं, तरी हे दावे संपले नव्हते. त्यांच्यासाठी १९५२ मध्ये अतियात चौकशीचा कायदा करावा लागला.

आणि गंमत बघा, त्याच १९५२ सालच्या मार्चमध्ये दिल्लीत कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. सुरुवातीला फक्त सहा उद्योगांना. त्यात कापड होतं, आणि आपल्या शहरात कापडगिरणी १८८९ मध्येच उभी राहिली होती. या कायद्याचं दहावं कलम आम्हाला फार मोलाचं वाटतं. सभासद वारला तर त्याच्या खात्यातली रक्कम नॉमिनीची होते, आणि ती मयताच्या कर्जातून मोकळी असते. सावकार दारात बसला तरी त्याला त्या पैशावर बोट ठेवता येत नाही. मनसबदाराच्या घरी पहिला हक्क येणेकऱ्याचा होता. इथं तो उलटा झाला. दुष्काळी मुलखातून हातउसनं करून शहरात आलेल्या माणसाच्या बायकोला याची किंमत सांगावी लागत नाही.

पण कुटुंब म्हणजे कोण? खरी गुंतागुंत इथं आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ आणखी कारखाने आले, आणि गावोगावची विशीतली पोरं कामाला लागली. भरतीच्या दिवशी नॉमिनी म्हणून पोरगा आईचं नाव लिहितो. ते बरोबरच आहे. मग लग्न होतं, आणि १९५२ च्या योजनेतल्या नियमाप्रमाणं तो कुटुंब नसताना केलेला कागद आपोआप रद्द होतो. नवा भरायचा असतो, हे त्याला कुणी सांगत नाही. तो अपघातात गेला की सासू म्हणते, नाव माझं आहे. सून म्हणते, बायको मी आहे. आता वैध नॉमिनेशनच नाही, म्हणून रक्कम कुटुंबात सारख्या वाट्यानं जाते. बायको, मुलं, आणि त्याच्यावर अवलंबून असतील तर आईबापही. सज्ञान मुलगे त्यात नाहीत, नवरा हयात असलेल्या लेकीही नाहीत. हिंदू वारसा कायद्यात लेकीचा हक्क निराळा आहे, म्हणून भावाबहिणींत हमखास वाद पेटतो.

हा झाला फंड. पेन्शनचं गणित वेगळं. १९७१ साली कुटुंब पेन्शन आली, १९७६ साली ठेवीशी जोडलेला विमा आला, आणि १९९५ च्या नोव्हेंबरात आजची पेन्शन योजना. म्हणून एका मयतामागं तीन अर्ज असत: फंडाचा वीस नंबरचा, पेन्शनचा दहा-डी, विम्याचा पाच-आयएफ. पुढं तिन्हींसाठी एकच एकत्रित अर्ज निघाला, फार बरं झालं. विम्याची कमाल रक्कम २०२१ पासून सात लाख आहे, आणि कित्येक घरांना तो आपला आहे हेच ठाऊक नसतं, कारण त्यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापलंच जात नाही. मालक भरतो.

पेन्शनीत मात्र बायको असताना आईला जागा नाही. विधवेला ती मिळते मरेपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत. सोबत दोन मुलांना, प्रत्येकी तिच्या पेन्शनीच्या पाव हिश्शानं, पंचविसाव्या वर्षापर्यंत. तिनं दुसरं लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांची अनाथांच्या दरानं, म्हणजे पाऊणपट होते. त्या मुलांची आई हयात असते, त्यांच्याच घरात असते, आणि कागदावर ती अनाथ असतात.