क्रूझचे लॉयल्टी पॉइंट्स पुढच्या बुकिंगला नेमके कसे लागू होतात?

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर चार रात्री काढून एखादं कुटुंब घरी येतं. थोड्याच दिवसांत ईमेल येतो, ‘अभिनंदन, तुम्ही आता आमचे गोल्ड मेंबर आहात.’ घरात सगळे खूश होतात. पुढच्या वर्षी त्याच कंपनीची क्रूझ बुक करायला बसल्यावर पहिला प्रश्न पडतो, गोल्ड झालो म्हणजे आता किती रुपये कमी होणार?

बहुतेक वेळा उत्तर असतं, भाड्यात जवळपास काहीच नाही. मग हे पॉइंट्स कशासाठी असतात? त्यांचा फायदा कधी मिळतो? आधी केलेल्या बुकिंगला नवा दर्जा लागू होतो का? आणि नवरा गोल्ड असेल तर बायकोला काय मिळतं? एकेक मुद्दा बघू.

हे पॉइंट्स खर्च करता येत नाहीत

क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स साठवून मिक्सर नाहीतर व्हाउचर घेता येतं. क्रूझचं गणित बहुतेक ठिकाणी वेगळं आहे. इथे पॉइंट्स खर्च होत नाहीत, फक्त साठत जातात. ठरावीक आकडा ओलांडला की प्रवाशाचा दर्जा वाढतो आणि प्रत्येक दर्जाला काही सोयी जोडलेल्या असतात.

रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घेऊ, कारण या कंपनीची जहाजं सिंगापूरहून सुटतात आणि भारतीय पर्यटकांची तिथे बरीच गर्दी असते. कंपनीच्या लॉयल्टी योजनेचं नाव आहे क्राउन अँड अँकर सोसायटी. सदस्य होण्यासाठी पैसे लागत नाहीत. साध्या केबिनमध्ये एका रात्रीचा एक पॉइंट, सूट केबिनमध्ये दोन. एकट्या माणसाने पूर्ण केबिनचं भाडं भरलं तर त्यालाही दुप्पट पॉइंट्स.

दर्जे सहा आहेत. ३ पॉइंट्सना गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल क्लब.

आता हिशेब करा. वर्षातून एकदा चार रात्रींची क्रूझ, साधी केबिन. गोल्ड पहिल्याच फेरीत मिळतं. प्लॅटिनमला आठ वर्षं लागतात आणि डायमंडला वीस. पिनॅकलला १७५ वर्षं! ही शिडी कुणासाठी बांधली आहे ते यावरून लक्षात येतं. फ्लोरिडासारख्या ठिकाणी बंदराजवळ राहणारे आणि वर्षातून चार-पाच वेळा क्रूझवर जाणारे निवृत्त लोक हे त्यांचं खरं गिऱ्हाईक.

प्रत्येक कंपनीचं मोजमाप वेगळं असतं. प्रिन्सेस क्रूझेसमध्ये फेऱ्यांची संख्या किंवा समुद्रावरचे दिवस, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरतात. तिथला सर्वांत वरचा एलिट दर्जा १६ व्या क्रूझला किंवा १५१ व्या दिवसापासून मिळतो. एमएससी क्रूझेसमध्ये केबिनचा प्रकार आणि जहाजावरचा खर्चही मोजला जातो.

बुकिंगचे फायदे वेगळे, जहाजावरचे वेगळे

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. लॉयल्टीचे फायदे दोन वेगळ्या वेळी लागू होतात.

पहिली वेळ बुकिंगची. भाड्यातली सवलत इथे मिळते. एमएससीमध्ये सदस्यांना साधारण ५ टक्के सवलत असते, अर्थात अटींसह. रॉयल कॅरिबियनमध्ये गोल्डला भाड्यात काही मिळत नाही. प्लॅटिनमपासून पुढे बाल्कनी आणि सूट केबिनवर सवलत सुरू होते. ३४० पॉइंट्स ओलांडलेल्या एकट्या प्रवाशाला केबिनचं भाडं दोन माणसांचं म्हणजे २०० टक्के भरावं लागत नाही, १५० टक्के भरावं लागतं. सहसा एकट्याने फिरणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा आहे.

दुसरी वेळ प्रत्यक्ष प्रवासाची. लवकर चेक-इन, इंटरनेटवर सवलत, मोफत पेयं, कपडे धुऊन देणं वगैरे. रॉयल कॅरिबियनच्या डायमंड सदस्याला रोज चार पेयं मोफत मिळतात. प्रिन्सेसच्या एलिट सदस्याचे कपडे मोफत धुऊन मिळतात. दोन-तीन आठवड्यांच्या सफरीत या सोयीची किंमत कळते.

सवलत बुकिंग करतानाच्या दर्जावर ठरते. जहाजावरच्या सोयी जहाजात पाऊल टाकताना असलेल्या दर्जावर मिळतात.

समजा, एखाद्याने गोल्ड असताना पुढच्या डिसेंबरची क्रूझ बुक केली. मधल्या काळात आणखी एक क्रूझ केली आणि तो प्लॅटिनम झाला. डिसेंबरमध्ये जहाजावर त्याला प्लॅटिनमच्या सोयी मिळतील. पण बाल्कनीवरची प्लॅटिनम सवलत जुन्या बुकिंगला आपोआप लागेल असं धरून चालू नये. त्यासाठी शेवटचा हप्ता भरण्याआधी एजंटला किंवा कंपनीला फोन करून विचारावं लागतं. कधी दुरुस्ती होते, कधी नवं भाडंच जुन्यापेक्षा जास्त निघतं आणि सवलत घेण्यात अर्थ उरत नाही.

मधल्या रात्री दर्जा बदलत नाही

दुसरं उदाहरण. एका प्रवाशाकडे ७८ पॉइंट्स आहेत आणि तो चार रात्रींच्या क्रूझवर चढला. दुसऱ्या रात्री त्याचे ८० होतात, म्हणजे डायमंड. तिसऱ्या दिवशी तो बारवर जाऊन मोफत पेय मागू शकतो का?

नाही. पॉइंट्स क्रूझ संपल्यावर खात्यात जमा होतात आणि नवा दर्जा पुढच्या क्रूझपासून लागू होतो. म्हणून लागोपाठ दोन क्रूझ करणाऱ्यांनी पहिली संपतानाच जहाजावरच्या लॉयल्टी डेस्कला भेटावं. खात्यातले पॉइंट्स अपडेट व्हायला काही दिवस लागू शकतात आणि दुसरी क्रूझ तर त्याच दिवशी सुटणार असते.

सदस्य क्रमांक नसेल तर सगळं वाया

फायदे हुकण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे बुकिंगमध्ये सदस्य क्रमांक नसणं. टूर कंपनीकडून किंवा ग्रुपमधून जाणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडतं. एजंट पासपोर्ट मागतो, सदस्य क्रमांक विचारत नाही. मग सिस्टीम त्या प्रवाशाला नवा माणूस समजते आणि त्याच्या नावाने दुसरं खातं उघडतं. जुन्या खात्यात ८ पॉइंट्स, नव्यात ४, आणि दर्जा कशातच वाढत नाही.

महाराष्ट्रातल्या लोकांना इथे नावाचीही अडचण येते. अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. एका बुकिंगमध्ये ते टाकलं, दुसऱ्यात टाकलं नाही, की सिस्टीमसाठी त्या दोन व्यक्ती होतात. लग्नानंतर आडनाव बदललं तरी तेच.

उपाय सोपा आहे. बुकिंग कुणाकडूनही करा, कन्फर्मेशनमध्ये सदस्य क्रमांक दिसतोय का ते बघा. नसेल तर निघण्याआधी घालून घ्या. जुनी क्रूझ खात्यात दिसत नसेल तर बुकिंग नंबर आणि जहाजाचं कार्ड किंवा बिल दाखवून ती जोडून मागता येते. म्हणून हे कागद लगेच फेकू नयेत.

नवऱ्याचा दर्जा बायकोला लागू होतो का?

कंपनीवर अवलंबून आहे. रॉयल कॅरिबियनमध्ये एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नीला किंवा जोडीदारांना दोघांतला वरचा दर्जा मिळू शकतो. अल्पवयीन मुलांनाही पालकांच्या दर्जाचा फायदा मिळतो. प्रिन्सेसमध्ये मात्र ज्याचे दिवस त्याचे.

इथेही आपोआप काही होत नाही. दोन्ही खाती एकमेकांशी जोडून द्या असं कंपनीला कळवावं लागतं. आई-वडील, बहीण-भाऊ, मित्र एकाच केबिनमध्ये असले तरी या नात्यात बसत नाहीत. केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसालाही स्वतःचे पॉइंट्स मिळतात, त्यामुळे मुलांचीही खाती पहिल्याच क्रूझला उघडलेली बरी.

जहाज तेच, पण पॉइंट्स नाहीत

पॉइंट्स कंपनीचे असतात, जहाजाचे नाहीत. याचं उत्तम उदाहरण मुंबईच्या बंदरात आहे. कॉर्डेलिया क्रूझेसने सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे फेऱ्या सुरू केल्या त्या ‘एम्प्रेस’ या जहाजावरून. १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस म्हणून आलेलं हे जहाज पुढे एम्प्रेस ऑफ द सीज या नावाने रॉयल कॅरिबियनकडेच होतं. पण आज त्यावर केलेल्या रात्री क्राउन अँड अँकरमध्ये धरल्या जात नाहीत.

एकाच मालकाच्या कंपन्यांमध्येही नियम वेगवेगळे आहेत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच समूहाच्या कंपन्या. समूहाने २०२४ मध्ये तिन्हींत दर्जा जुळवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे रॉयलचा डायमंड सदस्य सेलिब्रिटीवर पहिल्यांदा गेला तरी तिथल्या समकक्ष सोयी मागू शकतो. दुसरीकडे कार्निव्हल आणि प्रिन्सेस यांचाही मालक एकच आहे, पण कार्निव्हलवरच्या रात्री प्रिन्सेसमध्ये चालत नाहीत.

एमएससी आणखी वेगळा मार्ग घेते. दुसऱ्या क्रूझ कंपनीतला किंवा हॉटेल साखळीतला दर्जा दाखवला तर ती स्वतःच्या योजनेत जुळता दर्जा देते. गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायची ही युक्ती आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तिचा फायदा जरूर घ्यावा. मात्र बुकिंगच्या आधी अर्ज करावा, म्हणजे सवलतही त्या बुकिंगला लागू करून घेता येते.

जहाजावरच पुढची क्रूझ बुक केली तर?

प्रत्येक मोठ्या जहाजावर पुढच्या क्रूझचं बुकिंग करणारं एक डेस्क असतं. सुट्टीच्या मूडमध्ये असलेल्या माणसाला विकणं सोपं जातं, हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे.

इथे मिळणारा फायदा लॉयल्टीचा नसतो, तो जहाजावर बुकिंग केल्याचा असतो. सहसा तो ऑनबोर्ड क्रेडिटच्या रूपात येतो, म्हणजे पुढच्या प्रवासात जहाजावरच खर्च करता येतील असे डॉलर्स. काही कंपन्या तारीख न ठरवता नुसतं डिपॉझिट घेतात. प्रिन्सेसमध्ये माणशी १०० डॉलर भरून ठेवता येतात आणि दोन वर्षांत कधीही ते एखाद्या बुकिंगला लावता येतात.

सही करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. डिपॉझिट परत मिळतं का? अनेक ऑफर्समध्ये मिळत नाही. आणि लॉयल्टीची सवलत या ऑफरसोबत मिळेल का? बऱ्याचदा दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

क्रूझ रद्द झाली तर?

पॉइंट्स प्रत्यक्ष काढलेल्या रात्रींचे असतात. बुकिंग रद्द केलं तर त्या प्रवासाचे पॉइंट्स मिळत नाहीत. कंपनीने क्रूझ रद्द केली तर पैसे परत किंवा फ्युचर क्रूझ क्रेडिट मिळतं. हे क्रेडिट आणि लॉयल्टी पॉइंट्स पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिट म्हणजे भाडं भरायला चालणारी रक्कम आणि तिला मुदत असते.

२०२० मध्ये कोरोनामुळे जहाजं थांबली तेव्हा अनेक कंपन्यांनी भरलेल्या पैशांच्या १२५ टक्के क्रेडिट देऊ केलं. रोख परत मागितली तर फक्त १०० टक्के. ज्यांची कंपनी तगली त्यांना क्रेडिट फायद्याचं ठरलं. पण सगळ्याच तगल्या नाहीत. २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेली जलेश क्रूझेस ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली. भारतीयांच्या ओळखीच्या स्टार क्रूझेसची मालक कंपनी जेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपनीच उरली नाही तर दर्जा आणि क्रेडिट दाखवायचं कुणाला?

नियम कधीही बदलू शकतात

कंपनी चालू असली तरी योजना तशीच राहील याची खात्री नसते. कार्निव्हलच्या व्हीआयएफपी क्लबमध्ये वर्षानुवर्षं दिवस मोजले जात. ७५ पॉइंट्सना प्लॅटिनम, २०० ला डायमंड, आणि मिळालेला दर्जा कायमचा. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ही पद्धत बंद करून खर्चावर आधारित नवी योजना आणणार. म्हणजे किती दिवस आलात यापेक्षा किती डॉलर खर्च केलेत ते महत्त्वाचं, आणि दर्जा टिकवायला ठरावीक मुदतीत पुन्हा खर्च करत राहायचं. स्वस्तातल्या केबिनमधून वीस-पंचवीस वर्षं फिरलेल्या जुन्या प्रवाशांनी सोशल मीडियावर नाराजी व्यक्त केली. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी हाच बदल आधी केला होता.

प्रत्येक योजनेच्या अटींमध्ये एक ओळ असते, ‘फायदे बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.’ क्रूझचं बुकिंग वर्ष-दीड वर्ष आधी होतं, त्यामुळे ही ओळ महत्त्वाची. बुकिंग करताना दिसलेली सोय प्रवासाच्या दिवशी असेलच असं नाही. भाड्यातली सवलत मात्र कन्फर्मेशनवर छापलेली असते, ती सहसा टिकते.

मग पुढचं बुकिंग करताना काय बघायचं?

- आधी पॉइंट्स विसरून दोन-तीन कंपन्यांचं एकूण भाडं बघावं. त्यात बंदर शुल्क, टिप्स आणि इंटरनेट धरावं.
- मग स्वतःच्या दर्जामुळे प्रत्यक्ष किती रुपये वाचतात ते लिहून काढावं. दारू न पिणाऱ्यासाठी रोजच्या चार कॉकटेल्सची किंमत शून्य असते.
- सदस्य क्रमांक बुकिंगमध्ये आहे का आणि नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का ते तपासावं.
- शेवटचा हप्ता भरण्याआधी दर्जा वाढलाय का आणि भाडं कमी झालंय का ते एकदा पुन्हा बघावं.

भाडं आणि मार्ग सारखाच असेल तर जुन्या कंपनीकडे जाण्यात शहाणपण आहे, कारण साठलेल्या रात्री फुकटात वाढतात. पण वर्षातून एकदा चार रात्री जाणाऱ्याने डायमंडसाठी दरवेळी जास्त भाडं भरलं, तर त्या चार पेयांचे पैसे तो वीस वर्षं आगाऊ भरत असतो.